आभाळातून नेट येणार म्हणे! मग कोकणातली रेंजची रड संपेल का?

गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्यांच्या गप्पांत हल्ली एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे उपग्रहावरून घरी नेट देणारी अमेरिकी कंपनी स्टारलिंक. "स्टारलिंक येऊ दे, मग मी इथनंच काम करणार. मुंबईची खोली भाड्याने टाकतो." ओटीवर बसलेली बाकीची मंडळी मान डोलावतात. त्यांचंही बरोबर आहे. बँकेचा ओटीपी यावा म्हणून गडग्यावर चढून फोन आभाळाकडे धरणाऱ्यांना आभाळातूनच नेट येणार म्हटल्यावर बरं वाटणारच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या वाडीत आज काहीच पोचत नाही, तिथे उपग्रहाच्या नेटइतकं कामाचं दुसरं काही नाही. पण कोकणातल्या बऱ्याच गावांचं दुखणं जमिनीवरचं आहे, वायरीचं आणि विजेचं. त्यावर हे औषध महागही आहे आणि अपुरंही. असं का, ते समजायला आधी आपली रेंज जाते कुठे ते बघू.

काड्या पाच, नेट शून्य

फोनवर दिसणाऱ्या काड्या एवढंच सांगतात की तुमचा फोन आणि टॉवर एकमेकांना ऐकू येतायत. टॉवरकडून पुढे काय होतं, याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. टॉवरलाही कुठून तरी नेट यावं लागतं. ते एक तर जमिनीतून येणाऱ्या फायबरने येतं, म्हणजे काचेच्या केसासारख्या तंतूतून प्रकाशाच्या रूपात, नाही तर एका टॉवरकडून दुसऱ्या टॉवरकडे बिनतारी. टॉवरच्या या मागच्या जोडणीला बॅकहॉल म्हणतात. तीच तुटली किंवा अपुरी पडली, तर काड्या पाचच्या पाच दिसतात आणि व्हॉट्सॲपचं चक्र नुसतं फिरत राहतं.

गणपतीच्या पाच दिवसांत हेच होतं. एरवी शे-दीडशे फोन सांभाळणाऱ्या टॉवरवर अचानक सगळी मुंबई उतरते. प्रत्येकाला आरतीचा व्हिडिओ पाठवायचा असतो, तोही त्याच संध्याकाळी.

टॉवर सड्यावर, माणसं खाली

कोकणची जमीनच या कामाला वाकडी. वर कातळाचे सडे, मध्ये घळी आणि पऱ्ये, खाली खाडीकाठाला किंवा डोंगराच्या कुशीत वाड्या. मोबाइलच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की थांबतात. टॉवर उंचावर हवा म्हणून सड्यावर बांधतात. तिथे रेंज फक्कड असते, पण तिथे राहायला कोणी नसतं. खालच्या वाडीला टॉवरचा लाल दिवाही दिसत नाही. सपाट मुलखात एक टॉवर पाच-सहा गावं सहज धरतो. इथे त्याच अंतरात त्याला दोन वाड्याही धरवत नाहीत.

मग कंपनी हिशेब करते. टॉवरचा खर्च त्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसांच्या रिचार्जमधून निघायला हवा. ज्या वाडीत बारा घरं, त्यातली सात कुलूपबंद आणि उरलेल्यांत दोन-दोन म्हातारी माणसं, तिथे हा हिशेब कधीच बसत नाही. याला कंपनीचा दुष्टपणा म्हणा हवं तर, पण आपल्या पैशाने आपणही तिथे टॉवर बांधला नसता.

फायबरची गोष्ट वेगळी. सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना आखली. पुढे तिला भारतनेट नाव मिळालं. पण आपल्याकडे ग्रामपंचायत म्हणजे डोंगराच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या वाड्या. कचेरीत नेट आलं म्हणजे वाडीत आलं असं नाही. तिथून पुढचं काम केबलवाला करतो. तो महावितरणच्या खांबावरून, तिथून माडावरून, तिथून कोणाच्या तरी फणसावरून वायर ओढत नेतो. जुलैत एखादी फांदी पडली की ती तुटते. मग एक पोरगा दुचाकीवरून येतो, झाडाखाली प्लास्टिकचा कागद ताणतो आणि त्याखाली उकिडवा बसून काचेचे तंतू पुसतो, नीट कापतो आणि जोडायच्या मशीनमध्ये समोरासमोर ठेवतो. मशीन ठिणगी पाडून त्यांची टोकं वितळवून सांधतं. टोकावर पाण्याचा एक थेंब किंवा धुळीचा कण राहिला की सांधा बिघडला, पुन्हा पहिल्यापासून. मुसळधार पावसात हे काम करणाऱ्या पोराला "अजून किती वेळ रे?" असं विचारायचा धीर मला तरी होत नाही.

त्यात मुंबई-गोवा महामार्गाचं न संपणारं चौपदरीकरण. रस्त्याकडेला पुरलेली केबल खोदकामात तुटली की एकदम पट्टाच्या पट्टा गार पडतो. आणि या सगळ्याच्या वर वीज. लाइट गेली की टॉवर काही तास बॅटरीवर तग धरतो, मग तोही झोपतो. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगडात आणि दापोली-मंडणगडाकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, तेव्हाही फोन नेमके हवे त्या वेळी बंद पडले.

उपग्रह नेमकं काय वेगळं करतो

उपग्रहावरून नेट ही कल्पना जुनीच आहे. पूर्वीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असत. त्या उंचीवर उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याशी बरोबर मेळ राखतो आणि खालून बघताना एकाच जागी टांगल्यासारखा वाटतो. डीटीएचची तबकडी एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही, ती यामुळेच. पण हे अंतर फार आहे. तुमचा प्रश्न वर जाणार, तिथून खाली कंपनीच्या केंद्राकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत. चार खेपा, जवळजवळ १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा याला अर्धा सेकंद लागतो. टीव्ही बघताना हे जाणवत नाही, कारण टीव्हीला आपण उत्तर देत नाही. पण मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि "नाही नाही, तुम्ही बोला" असं चालू राहतं. प्रश्न आणि उत्तर यांतल्या या दिरंगाईला लेटन्सी म्हणतात.

नव्या कंपन्यांनी उपग्रह खाली आणले. स्टारलिंकचे सुमारे ५५० किलोमीटरवर, वनवेबचे १,२०० किलोमीटरवर. दिरंगाई सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजावी इतकी उतरली, व्हिडिओ कॉल नीट होऊ लागला. पण इतक्या खाली उपग्रहाला एका जागी राहता येत नाही. तो दीड तासाच्या आसपास पृथ्वीची एक फेरी मारतो. तुमच्या डोक्यावर काही मिनिटंच असतो. म्हणून एक गेला की दुसरा हजर, अशी हजारोंची रांग लागते. भारताच्या अंतराळ नियामक संस्थेने, इन-स्पेसने, जुलै २०२५मध्ये स्टारलिंकला मान्यता दिली ती ४,४०८ उपग्रहांच्या ताफ्याची. वनवेबमध्ये भारती समूहाचा मोठा वाटा आहे आणि त्यांचे ७२ उपग्रह २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्याच इस्रोने दोन उड्डाणांत वर पोचवले.

घरावरची डिश दिसायला चौकोनी पाट. ती मान वळवत नाही. आतले शेकडो छोटे अँटेना मिळून आपला झोत विजेच्या जोरावर एका उपग्रहावरून दुसऱ्यावर उडवतात. उपग्रह तुमचा संदेश देशातल्याच एखाद्या मोठ्या केंद्रावर उतरवतो आणि तिथून पुढे तो नेहमीच्या फायबरनेच जातो. म्हणजे फायबर सुटलं नाही, फक्त डोंगर ओलांडला.

आता यातली खरी गंमत हिशेबाची आहे. टॉवरचा खर्च टॉवरखालच्या बारा घरांनी उचलायचा असतो. उपग्रह मात्र सगळ्या पृथ्वीभर फिरतो, त्यातला बराच वेळ निर्मनुष्य समुद्रावरून. त्याचा खर्च जगभरचे ग्राहक मिळून उचलतात. तो तुमच्या वाडीवरून तसाही जाणारच आहे. बारा घरांसाठी कंपनीला वेगळं काहीच उभारायचं नाही. इतकी वर्षं जे गणित कुणाला सुटलं नाही, ते इथे सुटतं.

मग सगळ्यांनीच का घेऊ नये?

दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ या फेरीबोटी ज्यांनी वापरल्यात त्यांना हे पटकन कळेल. खाडीवर पूल नाही, तिथे फेरीबोट नसती तर घाटवाटेने लांबचा वळसा पडला असता. पण फेरीबोटीवर गाड्या मावतात मोजक्याच. लांब सुट्टीच्या शनिवारी जेटीवर रांग लागते आणि कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी बोट मोठी होत नाही. फायबर म्हणजे पूल. बांधताना घाम निघतो, पण एकदा झाला की दहापट गाड्या आल्या तरी तो पेलतो.

उपग्रहाचं मात्र फेरीबोटीसारखं आहे. एका झोताखाली जो भाग येतो, तिथले सगळे ग्राहक तीच क्षमता वाटून घेतात. विरळ वस्तीत प्रत्येकाला भरपूर मिळतं. रत्नागिरी शहरात घरटी एक डिश लागली तर कोणालाच धड मिळणार नाही. दूरसंचार राज्यमंत्र्यांनी जुलै २०२५मध्ये सांगितलं होतं की स्टारलिंकला भारतात २० लाखांच्या वर ग्राहक घेता येणार नाहीत. देशाच्या मानाने हा आकडा चिमूटभर आहे.

लंडनच्या भाच्याने पाठवलेला स्पीडचा फोटो बघून भुलू नये, हेही जाता जाता. या ताफ्यातले बरेच उपग्रह अशा तिरक्या कक्षेत फिरतात की त्यांची दाटी ५० अंश अक्षांशाच्या आसपास होते. लंडन तिथेच आहे. आपण १६ ते १९ अंशांत, आपल्या डोक्यावर ते विरळ.

पावसात चालेल?

हा कोकणातला पहिला प्रश्न, आणि योग्य प्रश्न. डीटीएच असलेल्या घराला उत्तर माहीत आहे: आभाळ भरून आलं की मालिका नेमकी रंगात असताना पडदा निळा. डिशचं नेटही बहुतेक त्याच पट्ट्यातल्या लहरींवर येतं. या लहरी अडीच-तीन सेंटिमीटरच्या, मोबाइलच्या लहरींपेक्षा कितीतरी आखूड. लहर जितकी आखूड, तितकी ती पावसाच्या थेंबांत जास्त शोषली जाते आणि विखुरते. नव्या यंत्रणा एकदम मान टाकत नाहीत. पाऊस वाढला की वेग कमी करून संदेश अधिक सावकाश, अधिक जपून पाठवतात. साध्या सरीत फरक जाणवणार नाही. आषाढातली झड असेल तर नेट अडखळेल, ढगफुटीसारखा कोसळला तर काही मिनिटं जाईलही. एरवी वायर तुटली की दोन दिवस नेट नसणाऱ्या गावाला ही काही मिनिटं फार नाहीत.

मला पावसापेक्षा झाडांची काळजी जास्त वाटते. डीटीएचला आभाळातली एकच खिडकी पुरते. फिरत्या उपग्रहांना मात्र बरंच आभाळ मोकळं लागतं. आता आपली घरं बघा. परसात माड, पोफळी, मागे फणस, कडेला आंबा, आणि त्या सगळ्यांच्या मधे घर दडलेलं. एका बाजूला माडाचा शेंडा आडवा असला की उपग्रह त्याच्यामागे जाताच नेट क्षणभर तुटतं, पुन्हा येतं, पुन्हा तुटतं. व्हिडिओ बघताना कळत नाही, मीटिंगमध्ये लगेच कळतं. डिश कौलांवर पाईप उभारून चढवली तरी वाऱ्याचा आणि खाऱ्या हवेच्या गंजाचा विचार हवा. आणि वानरांचाही. कौलं फोडणारे वानर नव्या पाटावर बसून बघणार नाहीत, असं लिहून द्यायला मी तयार नाही.

वीज तर लागतेच. मोठी डिश साधारण ७५ ते १०० वॉट खाते. इन्व्हर्टर असेल तर काही तास सहज निघतात. वादळानंतर टॉवर आणि फायबर दोन्ही आडवे झालेले असताना, सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारी एक डिश तालुक्याच्या ठिकाणी किंवा शाळेत असणं ही चैन नाही. निसर्ग वादळानंतर मुंबईत बसून "घरचे बरे आहेत ना" एवढंच कळायची वाट बघणाऱ्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही.

खिशाला किती?

डिसेंबर २०२५मध्ये स्टारलिंकच्या वेबसाइटवर भारतासाठी महिना ८,६०० रुपये आणि डिशसह सामानाचे ३४,००० रुपये असे आकडे झळकले. लगेच कंपनीने सांगितलं, तो चाचणीसाठीचा मजकूर होता, खरे दर नव्हेत. त्याआधी सरकारकडून महिना ३,००० च्या घरात खर्च येईल असं बोललं गेलं होतं. यातला कमीत कमी आकडा धरला, तरी केबलवाल्याच्या पाचशे-सहाशेच्या फायबरपुढे तो बराच वर जातो.

आणि तो फारसा खाली येईल असं मला वाटत नाही. खालच्या कक्षेतला उपग्रह साधारण पाच वर्षांनी निवृत्त होतो, वातावरणात जळून जातो, त्याच्या जागी नवा पाठवावा लागतो. जमिनीत नीट पुरलेलं फायबर वीस-पंचवीस वर्षं जागेवर असतं. टोकाची यंत्रं बदलली की त्याच काचेतून अधिक वेग मिळतो.

सरकारलाही हे नेट प्रामुख्याने खेड्यांसाठी हवंय, असं दिसतं. दूरसंचार नियामक संस्थेने, ट्रायने, मे २०२५मध्ये शिफारस केली की कंपन्यांनी उत्पन्नाच्या ४ टक्के लहरी वापरण्याचं शुल्क म्हणून द्यावेत आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा. खेड्यातल्या ग्राहकावर हा बोजा नाही. स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना जून २०२५मध्ये मिळाला. त्यानंतरही लहरींचा दर आणि सुरक्षा चाचण्या यांत गाडी अडून राहिली.

महाराष्ट्राने करार केला ना?

केला. ५ नोव्हेंबर २०२५ला राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या, देशात पहिल्यांदा. सरकारी संस्था आणि दुर्गम वस्त्या जोडायच्या असा त्याचा हेतू. त्यात नावं घेतली गेली ती गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीमची. कोकणातल्या जिल्ह्याचं नाव नाही म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही. गडचिरोलीची गरज आपल्यापेक्षा मोठी आहे. पण आपल्याकडेही शाळा, आरोग्य उपकेंद्र, घाटाखालची एखादी धनगरवाडी अशा जागा आहेत, आणि तिथे घरटी डिश न देता वाडीला एक डिश आणि तिथून वायफाय असं करता येतं. मला भीती वेगळीच आहे. "आता उपग्रह आलाय की" म्हणत फायबरचं काम मागे पडायला एक चांगलं कारण मिळेल.

होडीवर?

समुद्रात मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोडी आत गेलं की संपते. तिथे उपग्रह आधीच आलाय, फक्त वेगळ्या रूपात. इस्रोने बनवलेलं ट्रान्सपाँडर नावाचं यंत्र एक लाख मासेमारी नौकांवर बसवायची सुमारे ३६० कोटींची योजना आहे. तिची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमधूनच झाली. त्यावर व्हिडिओ दिसत नाही. वादळाचा इशारा येतो, संकटात असल्याचा संदेश पाठवता येतो, नौका कुठे आहे ते किनाऱ्यावर कळतं. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या तांडेलाला जीव वाचवायला एवढं पुरतं. मोठ्या नौकांना पुढे वेगवान नेटही परवडेल, पण सरकारच्या मे २०२५च्या सुरक्षा अटींत किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यावर खास नजर ठेवायचं कलम आहे, हे ध्यानात असू द्यावं.

डिश कशाला, थेट फोनलाच का नाही?

येतंय तेही, हळूहळू. अडचण साधी आहे: फोनचा अँटेना बोटभर आणि आवाज क्षीण. मग ऐकणाऱ्याचा कान मोठा करावा लागतो. २४ डिसेंबर २०२५ला इस्रोच्या रॉकेटने एका अमेरिकी कंपनीचा ६,१०० किलोचा ब्लूबर्ड उपग्रह सोडला, त्याचा अँटेना सुमारे २२३ चौरस मीटरचा आहे, म्हणजे २,४०० चौरस फूट. एवढा कान असेल तर साध्या फोनचं बोलणं ऐकू येतं. अमेरिकेत उपग्रहावरून साध्या फोनवर मेसेज सुरू झालेत. मेसेज आणि अडीअडचणीचा कॉल यासाठी हे उत्तम. घरातल्या चौघांनी एकदम व्हिडिओ बघायला नव्हे.

दुबईच्या मामाने डिश आणली तर?

आणू नये. आपल्याकडे बिनतारी यंत्रं परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे, आणि उपग्रह फोनच्या बाबतीत तर यंत्रणा फारच कडक आहेत. असे फोन सामानात सापडल्यामुळे विमानतळांवर परदेशी पाहुणे अडकलेत. शिवाय डिश कुठे आहे ते कंपनीच्या यंत्रणेला नेमकं कळतं, आणि जिथे सेवा सुरू नाही तिथे झोत बंद ठेवता येतो. मामाला फार वाटलंच, तर त्याने तेवढ्या पैशांचा एक चांगला इन्व्हर्टर घेऊन द्यावा.